दाताला तारा बसवल्या की लाळेकडं लक्ष द्या

थोरल्याच्या दातांवरच्या तारा काढल्या तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. दात एका ओळीत आले होते. पण आरशात बघताना पोराचा चेहरा उतरला. वरच्या पुढच्या दातांवर जिथं ब्रॅकेट (तार अडकवायचे छोटे चौकोनी तुकडे) चिकटवलेली होती तेवढा चौकोन स्वच्छ, आणि भोवतीनं खडूनं गिरवल्यासारखी पांढरी चौकट. दोन वर्षं आम्ही दात सरळ व्हायची वाट बघत होतो. त्याच दोन वर्षांत त्या चौकटीपुरतं दाताचं कवच झिजत होतं, हे घरात कुणाला कळलं नाही.

२०१९ च्या दिवाळीनंतर त्याला तारा बसवल्या होत्या. चार-पाच महिन्यांत लॉकडाऊन लागला. दवाखाने तातडीच्या कामापुरते उघडे, त्यामुळं महिन्याच्या तपासण्या चुकत गेल्या. पोरगं दिवसभर घरात, मोबाईलवर शाळा, आणि शेजारी वाटीत बेदाणे. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, बेदाणा घरात कधी संपत नाही. तारा बसवणाऱ्यांनी आम्हाला "ब्रश नीट करत जा" एवढंच सांगितलं होतं. नीट म्हणजे कसा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता धाकटीच्या दातांना तारा आहेत, दीड वर्ष झालं. या खेपेला सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडं गेलो. त्यांनी ब्रश हातात घ्यायच्या आधी अर्धा तास लाळेवर समजावलं. मला ते फार उपयोगी पडलं. ज्यांच्या घरी कुणाला तारा (कुणी क्लिपा म्हणतं) बसवायच्या आहेत त्यांच्यासाठी ते सगळं, आणि दीड वर्षात आम्ही घरी काय काय केलं ते इथं लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही. औषध-गोळीचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

लाळ काय काम करते

तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात नव्याण्णव टक्के पाणीच. उरलेल्या एका टक्क्यात कॅल्शियम, फॉस्फेट, बायकार्बोनेट आणि जंतूंशी लढणारी प्रथिनं. आपण बागायतदार माणसं फवारणीच्या पाण्याचा पीएच (आम्ल किती ते सांगणारा आकडा, जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त) बघतो, विहिरीच्या पाण्याच्या रिपोर्टात बायकार्बोनेटचा आकडा आधी शोधतो, त्यामुळं पुढचं मला पटकन उमगलं. दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कवच, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातावरच्या चिकट थरातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि त्या थरातला पीएच काही मिनिटांत ५.५ च्या खाली उतरतो. मग लाळ कामाला लागते. बायकार्बोनेट आम्ल मारतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताला परत मिळतं. सगळं जागेवर यायला अर्धा तास ते तासभर जातो.

म्हणजे दात रोज थोडा विरघळतो आणि रोज थोडा भरून निघतो. हा हिशेब तोट्यात गेला की पहिल्यांदा पांढरा डाग पडतो आणि पुढं कीड लागते.

तारा आल्यावर काय बदलतं

तारांमुळं लाळ आटते असा समज आहे. तसं नसतं. बहुतेकांत ती उलट वाढते, कारण तोंडाला वाटतं घास आलाय. धाकटीची पहिले तीन-चार दिवस उशी ओली व्हायची, बोलताना "स" आणि "श" घसरायचे, आणि ती सारखी बेसिनकडं पळायची. मॅडमनी सांगितलं, थुंकत बसू नको, गिळत राहा, आठवड्यात तोंडाला सवय होईल. मोठ्यानं धडा वाचायला लावला. आठव्या दिवशी जीभ सरळ झाली.

लाळ वाढूनही धोका वाढतोच, कारण ती पोचत नाही. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानापुढं गालात, तिचं तोंड वरच्या दाढेसमोर उघडतं. दुसऱ्या दोन जबड्याखाली आणि जिभेखाली, त्यांचं पाणी खालच्या पुढच्या दातांमागं येतं. वरचे पुढचे दात राहिले लाइनच्या टोकाला. ड्रीपवाल्याला हे वेगळं सांगायला नको. टोकाच्या झाडाला पाणी आधीच कमी, त्यात तिथला ड्रीपर बुजला की पहिलं तेच झाड मान टाकतं. ब्रॅकेट, तार आणि तार धरून ठेवणारी रबरं यांच्या सांदीत अन्न आणि जंतूंचा थर अडकतो, आणि त्या थराखालच्या दातापर्यंत लाळ जातच नाही. थोरल्याचे डाग नेमके वरच्या पुढच्या दातांवर पडले, त्यातही मधल्या दोन दातांच्या शेजारच्यांवर जास्त. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांचे डाग जास्त करून तिथंच सापडतात.

आणि याला वर्ष लागत नाही. महिनाभरात कवच झिजायला सुरुवात होऊ शकते. म्हणून पहिले दोन-तीन महिने सगळ्यात कडक पाळायचे. बाग नवीन फुटते तेव्हा जसं रोज फिरतो, तसं.

बसवायच्या आधी

किडलेले दात भरून घ्या, दात स्वच्छ करून घ्या, हिरड्या सुजलेल्या असतील तर त्या बऱ्या होऊ द्या. आणि एक काम बहुतेक कुणी करत नाही: तारा लागण्याआधी खिडकीशी उजेडात ओठ वर धरून दातांचे मोबाईलवर जवळून फोटो काढून ठेवा. पुढं डाग आधीचा की नंतरचा हा प्रश्न पडला तर या फोटोवरून कळतं. आमच्याकडं थोरल्याचा एकही फोटो नव्हता.

खाण्यात किती वेळा, हे मोजा

आमच्या घरात सगळ्यात अवघड गेलं ते हे. बेदाणा म्हणजे पौष्टिक, तो कशाला बंद करायचा, असं आजीचं म्हणणं. नात शाळेतून आली की मूठ पुढं. मॅडमनी हिशेब मांडून दाखवला. मूठभर बेदाणे जेवणाबरोबर एकदम खाल्ले तर पीएच एकदा पडतो आणि लाळ तो तासाभरात वर आणते. तेवढेच बेदाणे येता-जाता दोन-दोन करत दुपारभर खाल्ले तर पीएच दुपारभर खालीच राहतो, लाळेला तो वर आणायला उसंतच मिळत नाही. त्यात बेदाणा चिकट, ब्रॅकेटच्या कडेला बसला की हलत नाही. आजींना हे मी पीएचनं सांगितलं तर पटलं नाही. एका रात्री धाकटीचा ओठ वर करून तारेखाली अडकलेला तपकिरी लगदा दाखवला, तेव्हा पटलं. दुपारी खाल्लेला बेदाणा रात्री नऊला तिथंच होता. आता बेदाणा खिरीत किंवा शिऱ्यात, जेवणाच्या ताटातच मिळतो.

आमच्या भागातलं बाकीचं सांगतो. चिक्की, गुळाचा खडा, काकवी यांचं बेदाण्यासारखंच. ऊस दातानं सोलायचा नाही, ब्रॅकेट पहिल्या झटक्यात निघतं. रसवंतीचा रस प्यायचा तर एका बैठकीत प्या, बाटलीत भरून घोट-घोट नको, वर साध्या पाण्यानं चूळ भरा. भडंगातला कडक शेंगदाणा आणि लसणीचा करकरीत तुकडा बाजूला काढा. पेरू आणि सफरचंद फोडी करून, मक्याचं कणीस दाणे सोलून. भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली की काही त्रास नाही. हुरडा कोवळा असेल तर खुशाल खा, साखर भुरभुरू नका. दही, ताक, दूध, पनीर हे दाताच्या बाजूचे. कोल्ड्रिंक मात्र आमच्या घरात बंद आहे. त्यात साखरही आहे आणि आम्लही, दोन्हीकडून मार.

गणपतीत आणि तासगावच्या रथाच्या दिवशी हातावर प्रसाद पडतच राहतो. त्याला नको म्हणायचं नसतं. प्रसाद घ्यावा, लगेच पाण्यानं खळखळून चूळ भरावी आणि घरी आल्यावर ब्रश करावा. शाळेत डबा खाल्ल्यावर नळाला दोनदा चूळ भरायची सवय लावली, ती टिकली आहे.

एक पथ्य आणखी. लिंबू सरबत, उसाचा रस, कोल्ड्रिंक असलं आंबट काही प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका. कवच त्या वेळी मऊ पडलेलं असतं. पाण्यानं चूळ भरा, अर्धा तास लाळेला तिचं काम करू द्या, मग ब्रश.

ब्रश कसा करायचा

दुसऱ्या तपासणीच्या वेळची गोष्ट. धाकटी म्हणाली, मी रोज दोनदा ब्रश करते. खरंच करत होती. मॅडमनी तिला एक रंगाची गोळी चावायला दिली, थर राहिला असेल तिथं रंग धरणारी. चूळ भरून झाल्यावर ओठ वर केला. दाताचा पुढचा भाग स्वच्छ. पण वरच्या पुढच्या प्रत्येक दातावर, ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या पट्टीत, जांभळी चंद्रकोर. सहाच्या सहा दातांवर एकसारखी. रोज दोन वेळा ब्रश फिरत होता तो ब्रॅकेटच्या डोक्यावरून, आणि ती पट्टी रोज कोरडीच राहत होती. पोरगी रडवेली झाली. मलाही थोरल्याची पांढरी चौकट आठवली.

तेव्हा शिकलो ती पद्धत अशी. मऊ ब्रश घ्या, तारावाल्यांसाठी मधले केस आखूड असलेला मिळतो तो असला तर उत्तम. वरच्या दातांना आधी हिरडीच्या बाजूनं, ब्रश तिरका धरून, केसांची टोकं ब्रॅकेट आणि हिरडीच्या फटीत जातील असा लावा. जागच्या जागी छोटे गोल फिरवा, दहापर्यंत मोजा, मग पुढचा दात. ती बाजू झाली की ब्रश उलटा तिरका करून ब्रॅकेटची खालची बाजू. शेवटी समोरून. खालच्या दातांना हेच उलट्या क्रमानं. मग चावायचा भाग आणि आतली बाजू. सुरुवातीला सात-आठ मिनिटं लागतात, हात बसला की पाच.

त्यानंतर बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश येतो, इंटरडेंटल ब्रश म्हणून मेडिकलमध्ये मिळतो. तो तारेखालून वरून खाली घालायचा, ब्रॅकेटच्या डाव्या अंगाला आणि उजव्या अंगाला. जबरदस्ती करायची नाही. जात नसेल तर एक माप बारीक घ्या. दोन दातांच्या मधल्या फटीत हिरडीखाली फ्लॉस लागतो. तार आडवी असल्यामुळं तो सुईसारख्या प्लास्टिकच्या नाक्यात ओवून घालावा लागतो. आम्ही हे रोज रात्री एकदाच करतो. दिवसातून दोनदा करायचं ठरवलं होतं, जमलं नाही, आणि रात्रीचं एकदा नेमानं केलेलं चालतं असं मॅडमनीच सांगितलं.

रात्रच का, ते महत्त्वाचं आहे. झोपेत लाळ जवळजवळ बंद होते. मोटार बंद, लाइन कोरडी. संध्याकाळी जे दातावर राहिलं त्याला सात-आठ तास धुणारं कुणी नाही. म्हणून एखाद्या सकाळी घाईत ब्रश आटोपला तर समजून घेतो, रात्रीचा चुकू देत नाही. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही. हळदीचं दूधही आधी.

पेस्टबद्दल. पाकिटावर फ्लोराइड लिहिलेलं आहे का बघा, साधारण १००० पीपीएम असा आकडा असतो. फ्लोराइड लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट दातावर बसवायला मदत करतं आणि बसलेला थर आम्लाला जास्त दाद देत नाही. घरगुती मंजन आणि बऱ्याच जडीबुटीच्या पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. मिश्री तर पोरांच्या हाती लागूच देऊ नका, ती जाळलेली तंबाखू आहे. आणि पेस्ट लावून झाल्यावर आपण तांब्याभर पाण्यानं चुळा भरतो, ते सोडा. फेस थुंकून टाका, बास. तोंडात राहिलेलं फ्लोराइड लाळेत मिसळून काम करत राहतं. आम्हाला सगळ्यांना ही सवय मोडायला महिना लागला. जेवणानंतर चूळ भरायची, ब्रशनंतर नाही, हे बेसिनच्या आरशावर चिठ्ठी लावून ठेवलं होतं.

तारावाल्याचा ब्रश लवकर फाटतो. तीन महिन्यांची वाट बघू नका, केस फाकले की बदला.

रंगाची गोळी आम्ही अधूनमधून रविवारी घरी वापरतो. ती चंद्रकोर पहिल्या वेळी सहा दातांवर होती, दोन महिन्यांनी दोनवर आली. दुसऱ्या कशानं पोरीला एवढा उत्साह आला नसता.

तोंड कोरडं पडत असेल तर

हे थोरल्याच्या बाबतीत आमच्या नजरेतून पूर्ण सुटलं. तो तोंड उघडं टाकून झोपायचा. सकाळी ओठ पापुद्रे आलेले, जीभ टाळूला चिकटलेली. धुळीची ॲलर्जी म्हणून सर्दीच्या गोळ्या वरचेवर चालायच्या, आणि ॲलर्जीच्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते. वरच्या पुढच्या दातांना आधीच लाळ कमी, त्यात रात्रभर वारा. तुमच्या पोरात हे दिसत असेल तर दातांच्या डॉक्टरांना सांगा, आणि नाक का चोंदतं ते कानाच्या-नाकाच्या डॉक्टरांना दाखवा. मिरजेला आणि सांगलीला दाखवायला लांब जावं लागत नाही. चालू असलेल्या गोळ्या मनानं बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना त्यांची नावं सांगा. दिवसा पाणी घोट-घोट प्यावं. चावून खायचा पदार्थ लाळ आणतो, काकडीच्या चकत्या किंवा किसलेलं गाजर चालतं. धाकटीच्या उशाशी पाण्याचा तांब्या असतो.

मध्येच येणाऱ्या अडचणी

हिरडीतून रक्त आलं की लोक तिथं ब्रश लावायचं थांबवतात. नेमकं उलट करा. रक्त येतं ते थर साठल्यामुळं. मऊ ब्रशनं, हळू, पण तिथंच जास्त वेळ द्या, आठ-पंधरा दिवसांत थांबतं. नाही थांबलं, किंवा हिरडी फुगून ब्रॅकेटवर चढायला लागली, तर दाखवा.

गालाला फोड आला तर दवाखान्यातून मिळणारं मेण वाटाण्याएवढं घेऊन बोचणारी जागा कोरडी करून तिच्यावर दाबायचं. ओल्यावर ते बसत नाही. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरल्या की बरं वाटतं. तारेचं टोक मागं गालात घुसलं तर मेण लावून दवाखान्यात फोन करा. पक्कड घेऊन घरी बसू नका.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस. जास्त दिवस वापरलं तर दातावर तपकिरी डाग धरतात.

पांढरा डाग दिसला तर

ओल्या दातावर सुरुवातीचा डाग दिसत नाही. मॅडम हवेच्या नळीनं दात वाळवून बघतात, तेव्हा इनॅमलवर दुधाळ ढग उमटतो. घरी खिडकीपाशी ओठ वर धरायचा, स्वच्छ सुती कापडानं दात टिपायचा, आणि अर्धा मिनिट तसाच उघडा ठेवून बघायचा. द्राक्षाच्या पानामागं दावणी रोगाचा डाग शोधतो तशी नजर लागते. आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला बघतो आणि त्याच जागी उभं करून फोटो काढतो. मार्चमध्ये धाकटीच्या एका दातावर ब्रॅकेटच्या वर अशी पुसट रेघ दिसली. परीक्षेचे दिवस, रात्रीचा ब्रश झोपेत उरकला जात होता. दुसऱ्याच दिवशी मॅडमना दाखवलं. त्यांनी दात स्वच्छ करून फ्लोराइडचं वार्निश लावलं. ती रेघ पुढं वाढली नाही, आता वाळवून बघितली तरच कळते. एवढ्या लवकर सापडलेला डाग लाळ आणि फ्लोराइड मिळून बराच भरून काढतात. खरवडू नका, घासून काढायला जाऊ नका, लिंबू-सोडा तर अजिबात लावू नका.

थोरल्याचे डाग तारा निघाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत फिके झाले, कारण तेव्हा दातभर लाळ पुन्हा फिरायला लागली. दोन दातांवरचे मात्र राहिले. त्यात पातळ रेझिन मुरवायचा उपचार असतो, तो करायचा की नाही हे त्यालाच ठरवू देणार आहे.

तारा निघाल्यावर रिटेनर येतो, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा साचा. तोही रात्रभर दाताला झाकून असतो, त्याच्याखालीही लाळ पोचत नाही, म्हणून दात घासल्याशिवाय तो घालायचा नाही. थंड पाण्यानं ब्रशनं घासा. गरम पाण्यानं त्याचा आकार बिघडतो. रुमालात गुंडाळून खिशात ठेवू नका, डबीतच ठेवा. थोरल्याची निळी डबी बेसिनवर असते, आणि धाकटीनं तिच्या शेजारी स्वतःच्या डबीसाठी आतापासूनच जागा धरून ठेवली आहे.